दिंडी दरवाजाशी थांबलेले वाङ्मय

मराठीतील तुरुंगवाङ्मयाची परंपरा मोठी आहे आणि तिचा आपणांस रास्त अभिमान आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या बंदिवासात 'गीतारहस्य' लिहिले. सावरकरांची 'माझी जन्मठेप' १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. ह्या तिन्ही ग्रंथांची जात निराळी. पण तुरुंग हा तिन्ही लेखकांच्या आयुष्यातील एक कालखंड होता, आयुष्याचा शेवट नव्हता. दार उघडले की बाहेर घर होते, कार्य होते, वाट पाहणारा समाज होता. कोठडीचा एकांत लेखनाला अनुकूल ठरावा, तो तपोवनासारखा भासावा, हे अशाच माणसाला शक्य आहे, की ज्याची बाहेरची जागा कोणी घेतलेली नाही.

ह्या परंपरेत स्त्री कोठे आहे? आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ या वर्षांत, मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिला दंडवते, दुर्गाबाई भागवत अशा स्त्रिया तुरुंगात गेल्या आणि मानाने बाहेर आल्या. मी विचारतो आहे ते त्यांच्याविषयी नव्हे. त्यांच्या शेजारच्या बराकीत जी बाई होती, चोरीच्या, खुनाच्या, दारू गाळण्याच्या नाही तर सुनेला जाळल्याच्या आरोपाखाली आलेली, तिच्याविषयी विचारतो आहे. तिला आपल्या वाङ्मयाने आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत आणून सोडले आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपले नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आणि मग पाच वर्षांच्या कैदेवर आली. ह्या प्रकरणावर जी चर्चा माजली तिच्यातून ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली निघाली. पुस्तक अमर झाले. विजयालक्ष्मीची पाच वर्षे कशी गेली आणि सहाव्या वर्षी ती कोणाच्या ओसरीवर उभी राहिली, हे आमच्या साहित्याने कधी विचारले नाही. १९६७ साली तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले. लीला बेणारेवरील लटका आरोपही पुन्हा भ्रूणहत्येचाच. पंचाऐंशी वर्षांनंतर पिंजरा तोच, आरोप तोच, आणि पडदाही न्यायालयातच पडतो. नाटककाराने आपले काम चोख केले आहे, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण शिक्षेनंतरचे आयुष्य हा आपणांस साहित्याचा विषयच वाटला नाही, एवढे मात्र यावरून दिसते.

नोकरीनिमित्त बंगालात राहणाऱ्या मराठी माणसाला ही उणीव लवकर जाणवते. कारण येथे शेजारच्या भाषेत हे दार थोडे का होईना किलकिले झालेले आहे. 'जरासंध' हे नाव ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चारुचंद्र चक्रवर्ती हे बंगालच्या तुरुंगखात्यातील अधिकारी, आणि हे त्यांचे टोपणनाव. महाभारतातील जरासंधाने राजे कोंडून ठेवले होते; तेव्हा ह्या गृहस्थांची विनोदबुद्धी नावापासूनच सुरू होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांचे 'लौहकपाट' आले आणि बंगाली वाचकाने प्रथमच सामान्य कैद्याकडे माणूस म्हणून पाहिले. त्यांच्या 'तामसी' ह्या कथेवरून बिमल रॉय यांनी १९६३ साली 'बंदिनी' हा चित्रपट काढला. त्यातील कल्याणी ही आपल्या नूतन समर्थ यांनी रंगविली, हे परप्रांतातील मराठी माणूस सहसा शेजाऱ्याला सांगावयास विसरत नाही!

'बंदिनी' मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी तो मला आवडतो. तरीही त्याच्यावर माझा एक मूलभूत आक्षेप आहे. कल्याणीची कथा आपणांस कळते ती तुरुंगाधिकाऱ्याच्या सहानुभूतीमुळे. त्याने विचारावे आणि तिने आपले पूर्वायुष्य त्याच्यापुढे मांडावे. जरासंधांच्या लेखनाची हीच घडण आहे. टेबलाच्या अलीकडे दयाळू अधिकारी, पलीकडे कैदी. आणि कैद्याची हकीकत म्हणजे एक प्रकारची जबानी. आपण सारे सरकारी नोकर आहोत, तेव्हा ह्या टेबलाची ओळख आपणांस करून द्यावयास नको. टेबलाच्या अलीकडून पाहिले म्हणजे माणसाचा भूतकाळ फार स्पष्ट दिसतो, कारण तो कागदावर आलेला असतो. भविष्यकाळ मात्र दिसत नाही. त्याचा रकाना दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात असतो.

म्हणूनच ह्या चित्रपटात तुरुंगातील दिवस इतके खरे उतरले आहेत आणि सुटका इतकी उपरी वाटते. क्षयाने आजारी असलेल्या बंदिनीची शुश्रूषा करण्यास कल्याणी पुढे येते, भिंतीपलीकडून फाशी जाणाऱ्या तरुणाचा आवाज ऐकू येतो, बायका जात्यावर बसतात. पण शिक्षा संपल्यावर ह्या बाईने जगावे कसे? चित्रपटाला उत्तरे सुचतात ती दोनच, आणि दोन्ही पुरुषांची: तरुण डॉक्टर, नाही तर जुना प्रियकर. डॉक्टरच्या घरी तिची रवानगी ठरते. ती ऐन वेळी दुसऱ्याकडे वळते. ह्या निवडीवर रसिकांनी उदंड वाद घातले. त्या दोघांपैकी कोणीच नसता तर काय, हा प्रश्न मात्र वादात आला नाही. नव्याण्णव बायकांच्या बाबतीत दोघांपैकी कोणीच नसतो.

ह्या आक्षेपाचे उत्तर चित्रपटातच एका गाण्यात दडले आहे. शैलेंद्रांचे ते गीत, आशाबाईंचा आवाज, आणि पडद्यावर जाते ओढणारी एक कैदी स्त्री. गीताचा आशय आपल्या मराठी ओवीला नवा नाही. श्रावण आला, बाबा, भावाला पाठवा, मला माहेरी न्या. आपल्या आया-आज्या जात्यावर हेच गात होत्या. तेथे सासर हाच तुरुंग होता. येथे खराच तुरुंग आहे, आणि तोच आळवणीचा सूर लागल्यावर त्याचा अर्थ पालटतो. सासुरवाशिणीला न्यायला भाऊ उशिरा का होईना येत असे. ह्या बाईचा भाऊ येणार नाही. तो मुलाखतीलाही येत नाही. पुरुष कैद्याच्या मुलाखतीसाठी बायको डबा घेऊन दारापाशी ताटकळते. स्त्री कैदी झाली की बहुधा सासर तिला टाकते आणि माहेर तोंड लपविते. संपूर्ण कथानकाने जे सांगितले नाही ते ह्या चार मिनिटांत सांगून झाले आहे. दिग्दर्शकाला ते ठाऊक होते. कथेला ते पेलले नाही.

ज्यांना टेबलाची अलीकडची बाजू लाभली नाही, अशांची पुस्तके पुढच्या दशकात लिहिली जाऊ लागली. मेरी टायलर ही इंग्रज तरुणी १९७० च्या मे महिन्यात सिंहभूममध्ये पकडली गेली आणि पाच वर्षे बिहारच्या तुरुंगांत, बहुतांश हजारीबागेस, खटला पुरा न होता राहिली. तिचे 'माय इयर्स इन अ‍ॅन इंडियन प्रिझन' १९७७ साली निघाले. परकीय असल्यामुळे तिला आपल्याकडील कोणतीच गोष्ट स्वाभाविक वाटली नाही, हा ह्या पुस्तकाचा मोठा गुण. बाई वर्षानुवर्षे तारखेवाचून बसून आहे, हे आपणांस दुःखद वाटते; टायलरला ते चमत्कारिक वाटते. चमत्कारिक वाटणे अधिक उपयोगाचे असते. पुढे दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या कच्च्या कैद्यांची स्थिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली. तेव्हा असे निघाले की, काही स्त्रिया आरोपी नव्हत्याच. त्या गुन्ह्याच्या बळी किंवा साक्षीदार होत्या आणि 'संरक्षणासाठी' तुरुंगात ठेवल्या होत्या!

बंगालीत मीनाक्षी सेन यांचे 'जेलेर भेतर जेल', म्हणजे तुरुंगातला तुरुंग, ह्याच जातीचे. नक्षलवादी चळवळीतील बंदी म्हणून १९७० नंतरच्या काळात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी जेलमध्ये असताना त्यांनी जे पाहिले ते त्यात आहे. कोणताही गुन्हा नसता केवळ वेड लागले म्हणून कोंडलेल्या बायकांची जी पाने आहेत ती एका बैठकीत वाचवत नाहीत. अशा निरपराध मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे यांच्या अर्जावर १९९३ साली दिला. पुस्तकाच्या नावाला कायद्याचाही आधार आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने स्त्रियांना स्वतंत्र इमारतीत किंवा त्याच इमारतीच्या अशा भागात ठेवावयास सांगितले, की पुरुष कैद्यांशी दृष्टादृष्टही होऊ नये. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, ग्रंथालय, कारखाना, शाळा, मैदान, जे काही थोडेफार असे ते पुरुषांच्या बाजूस राहिले आणि स्त्रियांच्या वाट्यास भिंतीआडचे एक अंगण आले. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यांत स्त्रिया २३,७७२. केवळ स्त्रियांसाठी असलेले तुरुंग अवघे ३४. उरलेल्या बहुसंख्य बायका अशाच भिंतीआड. संख्या अल्प म्हणून खर्च अल्प, आणि खर्च अल्प म्हणून सोय नाही; अंदाजपत्रकाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे वर्तुळ समजावून सांगावे लागणार नाही.

ह्या सर्व पुस्तकांत मला अधिक गुंतविणारे पुस्तक मात्र अलीकडचे आणि महाराष्ट्राच्याच भूमीवरचे आहे: सुधा भारद्वाज यांचे 'फ्रॉम फांसी यार्ड', २०२३ साली इंग्रजीत निघालेले. छत्तीसगडमध्ये कामगारांची वकिली करणाऱ्या ह्या बाईंना भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ साली अटक झाली; येरवड्यास आणि नंतर भायखळ्यास त्या राहिल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात जामिनावर सुटल्या. त्या खटल्याचे राजकारण हा ह्या लेखाचा विषय नाही. मला कुतूहल आहे ते पुस्तकाच्या घडणीचे. येरवड्यात त्यांना फाशी यार्डातील कोठडीत ठेवले होते. गजांतून समोरचे अंगण दिसे, बाकीच्या बायका येताजाता दिसत. त्या दृष्टिक्षेपातून शाहात्तर स्त्रियांची शब्दचित्रे त्यांनी टिपली आणि ती ऋतूंच्या क्रमाने मांडली.

ही मांडणी प्रथमदर्शनी कृत्रिम वाटेल. वस्तुतः ती अत्यंत प्रामाणिक आहे. तुरुंगात दिनमान असते, पण काळ पुढे जात नाही. पहाटे बराक उघडते, मोजणी होते, पाण्याची रांग, चहाची रांग, जेवणाची रांग, आणि दिवस पुरता मावळण्याच्या आत पुन्हा मोजणी होऊन कुलूप पडते. जिचा खटला उभाच राहत नाही तिला महिना आणि तारीख यांचे प्रयोजन उरत नाही. उन्हाळा आला, पाऊस आला, एवढेच काय ते कळते. शिवाय शेजारणीची गोष्ट येथे कधीच पूर्ण होत नाही. ती अर्ध्यावर असतानाच बाई जामिनावर जाते, नाही तर दुसऱ्या तुरुंगात हलविली जाते. भारद्वाजांनी कोणतीच गोष्ट पुरी करण्याचा हट्ट धरलेला नाही. सुनेच्या मृत्यूपायी आलेली म्हातारी सासू, वकिलाचे नावही ठाऊक नसलेली पारधी बाई, तुरुंगात चालावयास शिकलेले मूल, ही माणसे पानभर दिसतात आणि अंगण ओलांडून निघून जातात. मुलांचेही सांगावयास हवे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिल्याप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. २०२२ च्या अखेरीस अशी १,७६४ मुले देशातील तुरुंगांत होती. सहावे वर्ष संपले की मूल सुटते, आई राहते.

पुस्तकात दोष आहेत. वकिली दृष्टी सुटत नाही. पुष्कळदा व्यक्ती संपून प्रकरण उरते. शब्दचित्रे कित्येक ठिकाणी इतकी त्रोटक की चेहरा दिसण्याआधीच ती मावळतात. भायखळ्याच्या बराकीविषयी सुटकेनंतरच्या एका मुलाखतीत त्यांनी जे सांगितले, की ३५ जणींच्या जागेत ७५ जणी आणि निजण्यास प्रत्येकीला शवपेटीएवढी जागा, तशी मनावर कोरली जाणारी वाक्ये ह्या संयत पुस्तकात अधिक असती तर बरे झाले असते. परंतु एक गोष्ट निर्विवाद. हे टेबलाच्या अलीकडून लिहिलेले नाही. लेखिका गजाआडच आहे, आणि तिला दिसते तेवढेच ती सांगते.

नेमका येथेच माझा मुख्य प्रश्न उभा राहतो. टायलर १९७५ साली मायदेशी परतली. मीनाक्षी सेन सुटल्या, लेखिका झाल्या. भारद्वाज सुटल्या आणि पुन्हा वकिलीकडे वळल्या. ह्या साऱ्याजणी सुशिक्षित, स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. त्यांच्या आठवणी दिंडी दरवाजापाशी संपतात, कारण तेथे त्यांच्यापुरता तुरुंग संपतो. ज्यांचे चित्र त्यांनी काढले त्यांचा अर्धा तुरुंग तेथून पुढे सुरू होतो, आणि तेथे त्यांच्याबरोबर जावयास लेखणी नाही. ती न जाण्यात लेखिकांचा अपराध नाही. त्या दुसऱ्या दाराने, दुसऱ्या गावी गेल्या. पण वाङ्मय म्हणून पाहता परिणाम तोच होतो. कैद्याला दारापर्यंत पोहोचवून नोंदवहीत सही घ्यावी आणि प्रकरण 'निकाली' लिहावे, हे सरकारने केले तर आपण नावे ठेवतो. साहित्यानेही आजवर तेच केले आहे.

पुनर्वसन हा शब्द कागदोपत्री नवा नाही. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८० ते १९८३ या काळात तुरुंग सुधारणेचा सर्व बाजूंनी विचार केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९८६ साली केवळ स्त्री-कैद्यांच्या प्रश्नासाठी नेमली गेली. २००३ आणि २०१६ च्या आदर्श नियमावल्या, २०२३ चा आदर्श कायदा, सर्वांत सुटकेनंतरच्या देखभालीची प्रकरणे आहेत. तुरुंग हा राज्यांचा विषय, म्हणून केंद्राचे हे सारे कागद 'मार्गदर्शनार्थ' पाठविले जातात. ह्या शब्दाची कार्यालयीन किंमत आपण जाणतो. पश्चिम बंगालने तर १९९२ च्या कायद्याने तुरुंगाचे नावच 'संशोधनागार' केले. पाटी बदलली. आत बायकांना शिकवितात ते शिवणकाम, भरतकाम, पापड-लोणची, आणि बाहेर आल्यावर शिलाईचे यंत्र ठेवावयास जिला खोली नाही तिला ते हुनर घेऊन करावयाचे काय, हे सांगणारे कोणी नाही. पुरुषांच्या बाबतीत आपण थोडे अधिक धाडस दाखविले होते. औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. तिच्यावरून माडगूळकरांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहाही कैदी पुरुष. बाई आहे ती खेळणी विकणारी. कुंपणाशिवाय कैदी ठेवता येतो हा विश्वास स्त्रीच्या वाट्याला येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

सुटलेल्या बाईला लागते तरी काय? राहावयास जागा, शिधापत्रिकेवर आणि आधारपत्रावर नाव, मुले कोणाकडे आहेत याचा ठावठिकाणा, आणि एक काम. अशिक्षित बाईला शहरात सहज मिळण्याजोगे काम म्हणजे धुणीभांडी आणि स्वयंपाक. ते काम आपल्याच वसाहतींतून मिळते, आणि तेथे आजकाल कामवालीची पोलिसांकडून चौकशी करून घेण्याची सूचना फलकावर लागलेली असते. सूचना लावणाऱ्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही; घरात लहान मुले असतात, दागदागिने असतात. पण कादंबरीकाराला हवे असते ते सारे त्या फलकापाशी आहे. एका बाजूस कायद्याने शिक्षा भोगून मोकळी झालेली बाई, दुसऱ्या बाजूस कोणताही दुष्टपणा नसलेले, भिणारे सज्जन कुटुंब. 'बंदिनी'तील नदीचा घाट आणि बोटीचा भोंगा यांपेक्षा हा प्रसंग निश्चितच कमी रम्य आहे. मात्र तो खरा आहे आणि आपल्या परिचयाचा आहे. आणि कच्च्या कैदेतून निर्दोष सुटलेल्या बाईलाही तो चुकत नाही. २०२२ अखेरचे तुरुंगातील दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चेच होते.

अशा कादंबरीची सामग्री मराठीत मिळण्यासारखी आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून नेमक्या ह्याच कामात आहे. कैदी सुटण्याच्या आधीच त्याची गाठ घेणे, घरच्यांशी बोलणे, निवारा आणि काम शोधून देणे, हे काम त्याचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. वस्तीवस्तीतून हिंडताना त्यांना जे ऐकावयास मिळते ते फाशी यार्डाच्या गजांतून दिसणे शक्य नव्हते आणि जरासंधांच्या टेबलापर्यंत येणे तर नव्हतेच. त्यांच्यापैकी कोणी लिहिते झाले पाहिजे, किंवा लिहिणाऱ्या एखाद्याने वर्षभर त्यांच्यामागून पायी हिंडले पाहिजे. आत्मचरित्राचा साचा येथे उपयोगी पडणार नाही, कारण जिचे चरित्र लिहावयाचे तिला 'मी पूर्वी कोठे होते' हेच तर लपवावयाचे असते. मग नाव बदलून, गाव बदलून, तिसऱ्याच्या तोंडून, कसे ते लेखकाने ठरवावे. सुरतेच्या विजयालक्ष्मीची पाच वर्षे संपतात त्या दिवसापासून आरंभ केला तरी चालेल.